फळाबरोबर पानही दाखवा

दिवाळीचे कंदील उतरले की मला येणारी पत्रं बदलतात. पावसाळाभर ‘ही रानभाजी कशी करायची’ असं विचारणारे वाचक कार्तिक लागला की ‘बाई, हे फळ कसलं?’ असं विचारू लागतात. मुंबईत शरद ऋतू वाजतगाजत येत नाही आणि जातानाही कळत नाही. ऑक्टोबरचा उकाडा सरतो, पहाटे पायाशी पडलेली चादर अंगावर ओढावीशी वाटते, एवढंच. झुडपांना मात्र महिना अचूक कळतो. पावसात ज्यांना फुलं येऊन गेली, त्या वेली आणि झुडपं आता बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात, आरेच्या रस्त्यांकडेला, मुलुंडच्या डोंगराखाली लाल-काळ्या फळांनी लगडली आहेत. जुलैत ज्या दिंड्याचे कोंब तुम्ही भाजीला आणलेत, त्यालाही आता चपट्या काळ्या फळांचे झुबके आलेले दिसतील.

यंदा महिन्याभरात तुमचे अकरा फोटो आले. त्यांतल्या आठांत नुसतं फळ आहे. कुणी तळहातावर ठेवलंय, कुणी चिमटीत धरलंय, एका ताईंनी स्टीलच्या वाटीत घालून फोटो काढलाय. नुसत्या फळावरून मी नाव सांगत नाही. आरेत लाल फळं धरणाऱ्या वेलीच घ्या. रान तोंडली पिकली की लाल होते, कोकणात गणपतीच्या मंडपीला टांगतात ते कवंडळ लाल होतं, शिवलिंगी लाल होते, चिराटीची मण्यांएवढी फळंही लालच. यांतलं एक पोपट मिटक्या मारत खातात आणि एक माणसाला ओकाऱ्या काढायला लावतं. म्हणून पान वरून दाखवा, उलटं करून खालून दाखवा, काटा असेल तर काटा दाखवा, वेल असेल तर ती कशाला धरून चढली आहे तेही दाखवा. माझा हा हट्ट का, ते पहिल्याच उत्तरात सांगते.

प्रश्न : आम्ही चार-पाचजण रोज सकाळी आरेत फिरायला जातो. तिथे तारेच्या एका कुंपणावर द्राक्षांसारखे काळे घोस लटकलेत. आमच्यातले एक काका म्हणाले, ही रानद्राक्षं, खायला काही हरकत नाही. खरं आहे का? पानाचा फोटोही पाठवतो आहे. – एक वाचक, गोरेगाव

खाऊ नका. पान पाठवलंत म्हणून खात्रीने सांगते, ही आंबटवेल. एका देठावर तीन पानं, त्यांतलं मधलं जरा मोठं, कडा करवतीसारख्या, आणि पानाच्या समोरच्या बाजूने निघालेला दोरा तारेला पीळ घालून बसलेला. ही द्राक्षाच्याच कुळातली. त्यामुळे घोस, चमक, दाबल्यावर येणारा जांभळा रस, सगळं द्राक्षासारखंच. फरक जिभेला कळतो. या फळात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात. अळूचं फदफदं नीट शिजलं नाही किंवा चिंच कमी पडली की घसा खवखवतो ना, तो अशाच स्फटिकांमुळे. अळू आपण शिजवतो, त्यात आंबट घालतो. ही फळं लोक वेलीवरून तोडून थेट तोंडात टाकतात.

‘रानद्राक्षं’ हा शब्द मीही एकदा वापरला होता. तेव्हा मी दादरच्या एका शाळेत शास्त्र शिकवत होते. नोव्हेंबरातल्या एका शनिवारी सातवीचा वर्ग घेऊन राष्ट्रीय उद्यानात गेले. कान्हेरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर ही वेल दिसली आणि मी म्हणाले, “ही बघा, आपली रानद्राक्षं.” पुढे मी पान, फूल, कूळ असं बरंच काही सांगितलं. मुलांनी त्यातला एकच शब्द उचलला. पंधरा-वीस मिनिटांनी रांगेच्या शेवटून रडण्याचा आवाज आला. एका मुलाने सात-आठ फळं एकदम तोंडात टाकून चावली होती. ओठ सुजले होते, तोंड मिटवत नव्हतं, लाळ शर्टावर गळत होती, आणि तो एकच सांगत होता, “बाई, सुया टोचतायत, सुया टोचतायत.” आम्ही त्याला चुळा भरायला लावल्या. बरोबरच्या बाईंनी आपल्या डब्यातलं दही त्याला चमच्याने भरवलं. दोन तास तो माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडून होता. संध्याकाळपर्यंत सूज उतरली. सोमवारी त्याची आई शाळेत आली. ती भांडली नाही. एवढंच म्हणाली, “बाई, तुम्हीच त्याला द्राक्षं म्हणालात ना?” याला आता तीस वर्षं होतील. तेव्हापासून कुठल्याही रानफळाची ओळख मी खाण्याच्या फळाचं नाव घेऊन करून देत नाही. तुमच्या काकांनाही हे वाचून दाखवा, राग मानणार नाहीत.

कुणी चुकून खाल्लीच तर फळ थुंकायला लावून खूप चुळा भरायला सांगा, गार पाणी किंवा दूध द्या. मिठाचं पाणी पाजून ओकारी काढायला जाऊ नका. सूज घशाकडे सरकू लागली, आवाज बदलला, श्वास जड झाला, तर घरगुती उपायांत एक मिनिटही न घालवता जवळच्या रुग्णालयात न्या आणि त्या वेलीची पानांसकट फांदी पिशवीत घालून बरोबर न्या. डॉक्टरांना ती फांदी तुमच्या वर्णनापेक्षा जास्त उपयोगी पडते. हे कुठल्याही रानफळाच्या बाबतीत लक्षात ठेवा.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीवर एक वेल पसरली आहे. फळं लाल आणि त्यांवर पांढरे पट्टे, कुणी ब्रशने ओढल्यासारखे. सासूबाई म्हणतात ही शिवलिंगी. बिया दुधातून घेतल्या की पाळणा हलतो, असं त्यांच्या गावी सांगतात. माझ्या लग्नाला पाच वर्षं झाली. घेऊ का? – एक वाचक, मुलुंड

सासूबाईंनी वेल अगदी बरोबर ओळखली आहे. पाच बोटं पसरलेल्या पंजासारखं खरखरीत पान, आणि गोटीएवढं फळ. ते हिरवं असतं तेव्हाही त्याच्यावर पांढरे पट्टे असतात, पिकताना फक्त हिरव्याच्या जागी लाल येतो आणि पट्टे तसेच राहतात. मी हे फळ अनेकदा घरी भिंगाखाली ठेवून उघडलं आहे. आत बुळबुळीत गर आणि त्यात तांदळाच्या दाण्याहून थोड्या मोठ्या बिया. बी धुऊन पुसली की तिच्या मधोमध एक जाड कडं उठून दिसतं आणि त्यातून वर आलेला बीचा गोलावा शाळुंकेतल्या पिंडीसारखा दिसतो. नाव त्यावरूनच पडलं. बीचा आकार पाहून माणसाने तिच्याकडून मूल मागितलं, हे मी समजू शकते.

पण घेऊ नका. शिवलिंगीचं फळ विषारी गणलं जातं. वैद्य जे देतात ते निवडून, मोजून, माणूस पाहून. भिंतीवरून तोडलेल्या बिया मनाने घेणं म्हणजे स्वतःच्या शरीरावर प्रयोग. आणि तुम्ही विचारलं नाहीत तरी एक सांगते, कारण तुमच्या पत्रात ‘माझ्या’ लग्नाला पाच वर्षं झाली असं लिहिलंय. लग्न दोघांचं आहे. अडचण पुरुषाकडेही असू शकते आणि त्याची तपासणी तुमच्या तपासण्यांपेक्षा पुष्कळ सोपी असते. दोघं मिळून डॉक्टरांकडे जा, पहिल्याच भेटीत दोघांच्या तपासण्या मागा. सासूबाईंना वेलीजवळ नेऊन बी कशी दिसते ते मात्र जरूर दाखवायला सांगा. ज्या बाईला ही वेल लांबून ओळखता येते, तिला आणखी पुष्कळ माहीत असणार.

प्रश्न : जुनं घर आवरताना आजोबांच्या लाकडी पेटीत मूठभर गुंजा सापडल्या. आजोबा सराफाच्या पेढीवर होते. नातीसाठी त्यांची माळ ओवून घ्यावी असं मनात आहे. – एक वाचक, गिरगाव

माळ करू नका, कृपा करून करू नका. गुंजेतलं विष फार जहाल असतं. अख्खी गुंज गिळली तर तिचं टणक साल बहुधा पचत नाही आणि ती तशीच बाहेर पडते. भोक पाडलं की ते कवच फुटतं. मग नातीने मणी तोंडात धरून चोखला किंवा चावला तरी जिवावर बेतू शकतं. ओवताना सुई बोटात गेली तर ओवणाऱ्यालाही धोका आहे.

तुमच्या आजोबांच्या पेढीवर त्या वजनाला असणार. ८ गुंजांचा १ मासा, १२ माशांचा १ तोळा, म्हणजे तोळ्याला ९६ गुंजा. तोळा ११.६६ ग्रॅमचा धरला तर एक गुंज ग्रॅमच्या आठव्या भागाच्या आसपास येते. घरात साधा डिजिटल काटा असेल तर दहा गुंजा मोजून ठेवून बघा. सगळ्या अगदी एका वजनाच्या नसतात, म्हणून सराफ निवडून, जोखून ठेवायचे. त्या काचेच्या बंद बरणीत, नातीचा हात पोचणार नाही अशा जागी ठेवा आणि बरणीवर आजोबांचं नाव घाला.

याच दिवसांत राष्ट्रीय उद्यानात गुंजेच्या वेलीवर शेंगा वाळून उघडतात, पीळ पडलेल्या सालीला लाल-काळे मणी चिकटून राहतात. पानवाल्याकडे विड्यात घालतात तो गोड गुंजपाला या वेलीचाच. पाला गोड म्हणून बीही चालेल, असं कुणी म्हणू नये.

प्रश्न : बाई, आमच्या खिडकीसमोर घाणेरीचं झुडूप आहे. बुलबुल त्याची काळी फळं रोज खातो. त्याला काहीच होत नाही. मग आई मला का खाऊ देत नाही? – इयत्ता सहावी, भांडुप

तुझा प्रश्न मला फार आवडला, कारण तू आधी बघितलंस आणि मग विचारलंस. आईचं बरोबर आहे. घाणेरीची, म्हणजे टणटणीची, हिरवी फळं विषारी असतात. काळी पिकलेली काही मुलं खातात, पण एकाच झुबक्यात काळी आणि हिरवी शेजारी शेजारी असतात आणि घाईत हात कुठे जाईल याचा नेम नाही. गाई-म्हशींनी हिचा पाला खाल्ला तर त्यांचं यकृत बिघडतं आणि उन्हात त्यांची कातडी सोलवटते. बुलबुलाचं पोट वेगळं. त्याला दात नाहीत, तो फळ चावत नाही. अख्खं गिळतो, गर पचवतो आणि बी टाकून देतो. माणसाला चालेल असं फळ शोधून देणं हे काही त्याचं काम नाही.

आता तुला एक काम देते. तुझ्या खिडकीतून केबलची किंवा विजेची एखादी तार दिसते का? तिच्या बरोबर खाली जमिनीकडे बघ. आमच्या इमारतीच्या मागे घाणेरीची रोपं एका सरळ रेषेत उगवली आहेत. माळ्याने लावली नाहीत. वर तार आहे, तारेवर बुलबुल बसतात, आणि त्यांच्या विष्ठेतून बिया खाली पडतात. ही घाणेरी मूळची अमेरिका खंडातली. १९व्या शतकाच्या सुरुवातीला तिला शोभेसाठी बागेत लावायला आपल्या देशात आणलं आणि पाखरांनी तिला देशभर नेलं. जिथे ती माजते तिथे आपली झुडपं मागे पडतात.

दुसरं काम. तिच्या एका गुच्छातली फुलं रोज सकाळी बघ. नवं उमललेलं फूल पिवळं असतं, पुढे ते केशरी किंवा गुलाबी होतं. फुलपाखरू कुठल्या रंगावर जास्त बसतं ते आठवडाभर वहीत लिही आणि मला पाठव. उत्तर मी आत्ता सांगत नाही.

आणि घराजवळच्या आंब्यावर बांडगूळ असेल तर तिथे अंगठ्याएवढा, सारखा ‘चिक् चिक्’ करणारा फुलटोचा शोध. बांडगुळाचं फळ खाल्लं की त्याची चिकट बी त्याच्या बुडाशी अडकते. मग तो फांदीवर आडवा सरकून बूड घासतो आणि बी फांदीला चिकटवतो. तिथेच नवं बांडगूळ उगवतं. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी चाळीस वर्षांची होते. तुला अकराव्या वर्षीच दिसेल.

प्रश्न : राष्ट्रीय उद्यानातून रानफळांच्या थोड्या बिया आणून सोसायटीच्या बागेत लावल्या तर चालतील का? पक्षी यावेत अशी इच्छा आहे. – एक वाचक, बोरिवली

चालणार नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली राष्ट्रीय उद्यानातून परवानगीशिवाय काहीही बाहेर नेता येत नाही, त्यात फळ आणि बीही आलं. झाडं ओळखायची असतील तर गोरेगावला फिल्मसिटीजवळ बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचं निसर्ग शिक्षण केंद्र आहे, ३३ एकर जंगलाचं. तिथे जाणकारांबरोबर फिरता येतं.

पक्ष्यांसाठी बाहेरून काही आणायची गरजही नाही. तुमच्या बागेत कढीपत्ता असेलच. त्याला फळं धरू द्या. पिकून काळी झाली की कोकीळ आणि बुलबुल आपणहून येतील. कुंपणाला कामिनी, म्हणजे कुंती असेल तर तिची शेंदरी-लाल फळं पाखरांना आवडतात. पण बहुतेक सोसायट्यांत कुंपण दर महिन्याला चौकोनी कापतात, मग फूलच टिकत नाही तर फळ कुठून येणार? माळ्याला एवढंच सांगा की एका बाजूच्या दहा फुटांना पुढचा पाऊस येईपर्यंत कात्री लावायची नाही. पुढच्या मीटिंगमध्ये हा विषय तुम्हीच मांडा. कुणीतरी ‘झाडी वाढली, साप येईल’ म्हणेल. त्यांना खालची पानं आणि पाचोळा साफ ठेवू असं सांगा, आणि ठेवा.

प्रश्न : आमच्याकडे तुळशीचं लग्न झाल्याशिवाय बोरं, आवळे, चिंचा तोंडात घालायच्या नाहीत असा नियम होता. माझी सून विचारते, का? मला उत्तर देता आलं नाही. – एक आजी, दहिसर

आजी, आमच्याही घरी हाच नियम होता. तुळशीपुढे ऊस उभा करायचा, ‘बोर भाजी आवळा’ म्हणत देवाला उठवायचं, नैवेद्याच्या ताटात पहिलं बोर ठेवायचं, आणि मगच आम्हा भावंडांना फ्रॉकच्या ओच्यात मिळायची. माझी आई याचं कारण काही सांगत नसे, “देवाआधी कसं खायचं?” एवढंच म्हणायची. झाडाकडे बघून मला जे कळलं ते सांगते. आश्विनात बोर हिरवं, तुरट, दाताला आंब आणणारं असतं. पोरांचा धीर धरत नाही, ती दगड मारून कच्चीच पाडतात आणि फांद्या मोडतात. कार्तिकी द्वादशीपर्यंत थांबलं की निदान काही बोरं पिवळी पडू लागतात. आवळ्यातही तोवर रस भरतो. सुनेला हे सांगा, पटेल तिला.

आणि तिला घेऊन एकदा बोरीजवळ जा. तिच्या पानावर देठापासून निघालेल्या तीन ठळक शिरा दाखवा. पान उलटं करा, खालून पांढरट मखमल लागते हाताला. फांदीवर देठापाशी काटे जोडीने असतात, त्यांतला एक सरळ आणि एक आकडीसारखा वाकडा. आंधळ्यालाही बोटाने बोर ओळखता येईल इतकी ती खूण पक्की आहे. त्याच वाटेवर एखादी वेलीसारखी पसरलेली, पदर ओढणाऱ्या एकेरी वाकड्या काट्यांची बुरगी लागली तर तीही बघा. बोरीचीच बहीण. तिची फळं वाटाण्याएवढी, काळी, चकचकीत आणि आंबट. आपल्या लहानपणी शाळेच्या वाटेवर दप्तर टाकून खायचो त्यांतली. ती हिवाळा चढला की पिकतात.

मागच्या आठवड्यात बोरिवली स्टेशनबाहेर पाड्यावरची एक बाई पानांवर आवळ्यांचे वाटे मांडून बसली होती. बोरं कुठे, म्हणून विचारलं. म्हणाली, “अजून नाय बाई. तुळशीचं लगीन होऊं द्या.” द्वादशीच्या दुसऱ्या दिवशी ती बोरं घेऊन त्याच जागी बसणार आहे. तुम्ही दहिसरहून एकच स्टेशन अलीकडे या.